भूकंप आणि घराचा पाया : काळ्या जमिनीवरील घरांचा विचार

दिनांक ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणा राज्यातील मुलुगू जिल्हा केंद्र असलेला ५.३ परिमाणाचा भूकंप झाला. त्याचे धक्के वरंगळ व हैदराबादपर्यंत आणि महाराष्ट्रातील गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतही जाणवले. त्याच वर्षी २१ मार्च रोजी व पुन्हा १० जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात प्रत्येकी ४.५ परिमाणाचे धक्के बसले होते आणि नांदेड-परभणीकडील लोक सकाळीच घराबाहेर आले होते. आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूर हे गाव या दोन्ही क्षेत्रांच्या मधल्या प्रदेशात वसलेले आहे. सुदैवाने या धक्क्यांनी मोठी हानी झाली नाही. परंतु आपला भाग भूकंपापासून सर्वस्वी मुक्त आहे ही समजूत त्यांनी निश्चितच मोडून काढली.

भूकंपाविषयी बोलताना बहुधा भिंती व छप्पर यांचाच विचार होतो. पाया जमिनीखाली असतो, तो दिसत नाही आणि म्हणून त्याची चौकशीही होत नाही. वस्तुतः जमिनीची हालचाल घरात शिरते ती पायाच्या वाटेनेच. कोणत्या जमिनीवर कोणता पाया टिकतो, कोणता दगा देतो आणि नुसत्या पायावर किती विसंबावे, याची माहिती गवंडी, ग्रामपंचायत, शिक्षक व घर बांधणारे कुटुंब या सर्वांना असणे आवश्यक आहे.

जमीन हलते, घर मागे राहते

धावती बैलगाडी एकाएकी थांबली म्हणजे गाडीत उभा असलेला मनुष्य पुढे कलंडतो, आणि थांबलेली गाडी हिसक्याने निघाली म्हणजे तो मागे पडतो. त्याचे पाय गाडीबरोबर जातात, शरीर मात्र आहे त्या स्थितीत राहू पाहते. भूकंपात घराचे असेच होते. जमीन पायाला आडवी ओढून नेते. भिंती आणि छप्पर आपल्या वजनामुळे मागे राहू पाहतात. क्षणात जमीन उलट दिशेला जाते आणि ही ओढाताण पुन्हा सुरू होते. वजन जितके अधिक तितकी ही ओढ अधिक. म्हणून हलके घर भूकंपात बहुधा तरते आणि जड घर धोक्यात येते.

यावरून पायाची तीन कामे स्पष्ट होतात. पहिले, घराचे वजन अशा जमिनीवर पोहोचविणे की जी खचणार नाही. दुसरे, घराचे सर्व कोपरे व सर्व खांब एकाच वेळी, एकाच दिशेने हलतील असे त्यांना एकत्र बांधून ठेवणे. तिसरे, वरील भिंतींना घट्ट धरून ठेवणे. यांपैकी पहिले काम बहुतेक गवंडी जाणतात. दुसऱ्या व तिसऱ्या कामाकडे मात्र ग्रामीण बांधकामात सहसा दुर्लक्ष होते आणि भूकंपात नेमकी तीच उणीव उघडी पडते.

कोयना आणि किल्लारी यांचा धडा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर येथे भूकंप झाला. त्यात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली व कोयनानगरातील दगडी घरांची फार मोठी पडझड झाली. तो भाग सह्याद्रीचा. जमिनीखाली थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो. पाया कठीण जमिनीवर असूनही घरे पडली, कारण त्यांच्या भिंती नीट सांधलेल्या नव्हत्या. कठीण जमीन हा मोठा आधार आहे, परंतु तेवढ्याने घर वाचत नाही, हा कोयनेचा धडा होय.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणेश विसर्जन करून लोक नुकतेच झोपी गेले होते. सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यावेळच्या भारतीय भूकंप नकाशात हा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता. २००२ साली नकाशा सुधारताना पहिला विभागच रद्द करण्यात आला व किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात घालण्यात आला. त्याच नकाशात तेलंगणाचा बराचसा भाग दुसऱ्या विभागात व पूर्वेकडील गोदावरी खोऱ्याचा पट्टा तिसऱ्या विभागात होता. भद्राचलमजवळ १३ एप्रिल १९६९ रोजी झालेला ५.७ परिमाणाचा भूकंप याच खोऱ्यातील. नकाशावर धोका कमी दाखविला आहे म्हणून निष्काळजी राहू नये, हे किल्लारीने फार मोठी किंमत घेऊन शिकविले.

किल्लारीतील घरांची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. दोन ते अडीच फूट, कित्येक ठिकाणी त्याहूनही जाड भिंती, बाहेरच्या व आतल्या अंगाला मोठे दगड, मध्ये बारीक दगड व माती, सांधण्यास चिखल. वर लाकडी तुळयांवर मातीचे धाबे. एक फूट ते दोन फूट जाडीचा मातीचा थर म्हणजे किती भार होतो, याचा हिशेब करून पाहावा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती असली तर तिचे वजन सहा टनांहून अधिक भरते. भूकंप होताच भिंतीची दोन अंगे एकमेकांपासून सुटली, बाहेरचे दगड रस्त्यावर व आतले दगड झोपलेल्या माणसांवर पडले, आणि वरून माती आली. काही घरांत मात्र भिंती पडूनही आतला लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला. छपराचा भार लाकडी खांबांवर होता व ते खांब परस्परांना तुळयांनी जोडलेले होते, म्हणून असे घडले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. किल्लारीतील बहुतेक घरे पाया खचल्यामुळे पडली नाहीत. भिंती सुटल्यामुळे पडली. तेव्हा पाया खोल घेतला म्हणजे घर भूकंपाला पुरेसे झाले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. परंतु पाया व भिंत यांचा संबंध किती जवळचा आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

काळ्या जमिनीचा स्वभाव

गुडीहत्नूर, आदिलाबाद, तसेच पलीकडील किनवट, माहूर, पांढरकवडा या सर्व भागांत काळी कापसाची जमीन विपुल आहे. शेतकऱ्याला ती वरदान आहे, कारण ती पाणी धरून ठेवते. घर बांधणाऱ्याला मात्र तीच अडचणीची ठरते, आणि तिचे कारणही हेच आहे. या मातीतील अतिसूक्ष्म चिकण कण पाणी शोषून फुगतात व उन्हाळ्यात आकसतात. आषाढात फुगलेली जमीन भिंत वर उचलते. वैशाखात भेगाळलेली जमीन तिला खाली सोडते. घराच्या चारही बाजूंना ही हालचाल सारखी नसते. बाहेरील कडा ओल्या होतात, मधला भाग कोरडा राहतो. न्हाणीचे पाणी मुरते तो कोपरा बारा महिने फुगलेला असतो आणि मोठ्या झाडाजवळची बाजू मुळांनी ओल ओढून घेतल्यामुळे आकसलेली असते.

याचा परिणाम म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी जाणारी भेग. पुष्कळ घरांत ही भेग दरवर्षी पावसाळ्यात मिटते व उन्हाळ्यात उघडते. घरमालक तिच्यावर गिलावा करतो व विसरून जातो. वास्तविक ही भेग म्हणजे भिंत त्या जागी तुटली असल्याची खूण आहे. भूकंप आला म्हणजे तो नवी भेग पाडण्याचे कष्ट घेत नाही. जुन्या भेगेतूनच भिंत दुभंगते. काळ्या जमिनीवरील उथळ पाया अशा रीतीने भूकंपाच्या पूर्वीच, वर्षानुवर्षे, घर दुबळे करून ठेवतो. या भागात पाया आणि भूकंप यांचा मुख्य संबंध येथेच आहे.

दुसरा संबंध लाटांचा. कठीण खडकातून आलेली भूकंपलाट मऊ थरात शिरली की तिचा हेलकावा वाढतो. याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९ सप्टेंबर १९८५ चा मेक्सिकोचा भूकंप. केंद्र साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असूनही मेक्सिको शहराचा जो भाग जुन्या तलावाच्या चिखलावर वसला होता तेथे इमारती कोसळल्या. खडकाळ भागात हानी पुष्कळच कमी झाली. तेथील चिखलाचा थर जाड असल्याने तो सावकाश डोलत होता आणि सावकाश डोलणाऱ्या सहा ते पंधरा मजली इमारतींशी त्याची लय जुळली. आपल्याकडे खडकावरील मातीचा थर पातळ असतो. पातळ थर जलद हलतो, आणि बैठी घरेही जलदच हलतात. म्हणून मेक्सिकोत बैठी घरे बचावली यावरून आपली बैठी घरे काळ्या जमिनीवर सुरक्षित आहेत, असे समजणे चुकीचे होईल.

पायांचे प्रकार व त्यांची वागणूक

*कुडाचे घर.* इंद्रवेल्ली-उटनूरकडील गोंड व कोलाम वस्त्यांत लाकडी खांब जमिनीत पुरून, बांबूच्या कुडावर माती लिंपून घरे बांधण्याची पद्धत आहे. अशा घराला वेगळा पाया नसतो. पुरलेला खांब हाच पाया. घर हलके, लवचिक व बांधलेल्या सांध्यांचे असल्याने ते भूकंपात झुलते, पण सहसा माणसे दाबून टाकीत नाही. १८९७ च्या भूकंपानंतर आसामात लाकूड व कुडाच्या भिंतींची हलकी घरे रूढ झाली, ती याच गुणामुळे. या घराचे वैगुण्य एकच : जमिनीजवळ खांब कुजतो किंवा त्याला वाळवी लागते. पुरावयाच्या भागाला डांबर लावावे, खांबाच्या भोवती पाणी साचू देऊ नये आणि दर एक-दोन वर्षांनी टोचून पाहावे. बुंधा कुजलेला खांब भूकंपात प्रथम मोडतो.

*चिखलात बांधलेला दगडी पाया.* दोन-तीन फूट चर खणून त्यात अनघड दगड चिखलात बसवावयाचे, ही ग्रामीण भागातील सर्वांत प्रचलित रीत. मुरमावर टेकलेला असा पाया सरळ खाली येणारे वजन पुष्कळ वर्षे पेलतो. परंतु आडव्या धक्क्याला चिखलाचा सांधा धरून ठेवीत नाही आणि दगड एकमेकांवरून सरकतात. चर काळ्या मातीतच संपला असेल तर दोन्ही दोष एकत्र येतात. काळ्या जमिनीवर हा पाया सर्वांत कच्चा समजावा.

*सिमेंटातील पाया व जोत्याची पट्टी.* हाच दगडी पाया एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू या मसाल्यात बांधला आणि जोत्याच्या पातळीवर सर्व भिंतींवरून सलग काँक्रीटची पट्टी फिरविली तर घराच्या वागणुकीत मोठा फरक पडतो. भारतीय मानक संस्थेच्या संहितेत, जेथे जमीन मऊ किंवा ठिकठिकाणी वेगवेगळ्या गुणधर्माची असेल तेथे जोत्याची पट्टी द्यावी, असे सांगितले आहे. काळी जमीन या वर्णनात तंतोतंत बसते. पट्टी भिंतीच्या रुंदीइतकी व किमान ७५ मिलिमीटर जाडीची असावी. लहान घरात तिच्यात ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या दोन लांब सळया व दर १५० मिलिमीटरांवर ६ मिलिमीटरची आडवी कडी घालावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोपऱ्यावर सळई तोडू नये. ती वळवून पुढील भिंतीत नेली पाहिजे. कोपऱ्यात तुटलेली पट्टी म्हणजे बक्कल नसलेला कमरपट्टा होय. ही पट्टी पायाचा एखादा भाग किंचित खचला तरी वरील भिंत एकसंध ठेवते आणि जमिनीतील ओल भिंतीत चढू देत नाही. अशीच पट्टी दरवाजा-खिडक्यांच्या माथ्यावर द्यावी. घराला या दोन पट्ट्या असल्या म्हणजे भिंती पेटीच्या चार फळ्यांप्रमाणे एकत्र उभ्या राहतात.

*सुट्या खांबांचा पाया.* स्लॅबच्या घराला काँक्रीटचे खांब व प्रत्येक खांबाखाली स्वतंत्र बैठक देण्याची पद्धत आता खेड्यांतही आली आहे. बैठका मुरमावर टेकल्या आणि सर्व खांब जमिनीलगत तुळयांनी परस्परांना जोडले तर हा पाया चांगला. परंतु खर्च वाचविण्यासाठी या तुळया गाळल्या जातात. मग भूकंपात प्रत्येक खांब स्वतंत्रपणे सरकतो व वरच्या सांध्यांवर ताण येतो. काळ्या जमिनीवर तर त्या भूकंपावाचूनही आवश्यक आहेत, कारण एक बैठक फुगवली जाते व दुसरी खाली बसते. मात्र अशा जमिनीत तुळईच्या खाली थोडी पोकळी ठेवावी, म्हणजे फुगणारी माती तिला खालून ढकलणार नाही.

*गादीचा पाया.* संपूर्ण घराखाली सळयांची एकच काँक्रीटची लादी घालणे, म्हणजे गादीचा पाया. घर एखाद्या तराफ्याप्रमाणे एकत्र हलते. कोपरे वेगवेगळे खचत नाहीत. भरावाच्या किंवा फार मऊ जमिनीवर तो उपयुक्त आहे, पण खर्चिक आहे. शाळा, दवाखाना, पंचायतीची इमारत यांसाठी अभियंत्याच्या सल्ल्याने त्याचा विचार करावा.

*कंदाचे खुंट.* काळी माती फार खोलवर असेल तर मुरूम लागेपर्यंत चर खणणे परवडत नाही. अशा ठिकाणी रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली पद्धत उपयोगी पडते. जमिनीत गिरमिटाने बारीक व खोल भोक पाडून तळाशी ते कंदासारखे रुंद केले जाते व त्यात सळया घालून काँक्रीट ओतले जाते. या कंदाचा व्यास साधारणतः खुंटाच्या अडीचपट असतो आणि खोल काळ्या जमिनीत खुंटाची लांबी सुमारे साडेतीन मीटर घेतात. त्या खोलीवर ऋतूंप्रमाणे होणारी फुगवट जवळजवळ पोहोचत नाही. कंद खुंटाला वर उचलला जाऊ देत नाही. सर्व खुंटांच्या माथ्यावर तुळया बांधल्या म्हणजे हा पाया भूकंपातही भरवशाचा ठरतो.

*मुरमाची गादी.* मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक कट्टी यांनी काळ्या मातीच्या अभ्यासातून दाखवून दिले की, फुगणारी माती काही खोलीपर्यंत काढून तेथे न फुगणारी पण चिकट अशी मुरमाड माती, सुमारे एक मीटर जाडीपर्यंत, थराथराने धुमसून भरली तर खालील मातीची फुगवट वर येत नाही. ज्या गावाला चांगला मुरूम जवळ मिळतो तेथे हा उपाय हाताशी असलेला व सुलभ आहे. थर ओलसर करून धुमसणे मात्र आवश्यक आहे. सैल टाकलेला मुरूम भूकंपात बसतो व घराला खाली नेतो.

*रबरी आधार.* घर व पाया यांच्यामध्ये रबराचे जाड आधार बसविले तर जमीन हलली तरी घर पुष्कळ कमी हलते. भारतात हा प्रयोग प्रथम किल्लारीच्या पुनर्वसित गावी एक शाळा व एक दुकानसंकुल अशा दोन बैठ्या इमारतींसाठी करण्यात आला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भूज येथील रुग्णालयाची नवी इमारतही अशा आधारांवर उभारण्यात आली. सामान्य घरास हा खर्च परवडणारा नाही. शिवाय हे आधार टणक जमिनीवरच योग्य काम करतात. मऊ जमिनीवर त्यांचा उपयोग कमी होतो.

नदीकाठची वाळू व भरावाची जागा

काळ्या जमिनीपेक्षा निराळा धोका नदीकाठच्या भुसभुशीत, पाण्याने भरलेल्या वाळूत असतो. जोराच्या धक्क्यांनी अशी वाळू घट्ट बसू पाहते. कणांमधील पाण्याला वाट मिळत नाही आणि काही क्षण ती वाळू पातळ द्रवाप्रमाणे वागते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात उत्तर बिहारच्या विस्तीर्ण पट्ट्यात घरे अशा जमिनीत कलंडली व रुतली. जपानमधील निगाता येथे १६ जून १९६४ रोजी मजबूत काँक्रीटच्या इमारती मोडतोड न होता संपूर्णपणे आडव्या झाल्या. इमारत भक्कम होती, जमीनच नाहीशी झाली. पैनगंगा-गोदावरीच्या काठी घर बांधणाऱ्याने पुराचा विचार करावा तसाच याचाही करावा. बुजविलेली विहीर, जुनी खदान, गावातील उकिरड्याचा भराव किंवा नाल्याचे जुने पात्र यांवर घराचा एखादा कोपरा येत असेल तर ती जागा सोडावी. अर्धे घर मुरमावर व अर्धे भरावावर असणे ही सर्वांत वाईट अवस्था होय, कारण दोन अर्धांची हालचाल निराळी होते व घर मधोमध चिरते.

चर खणण्यापूर्वी आणि नंतर

घराची आखणी करण्यापूर्वी जागेच्या दोन-तीन ठिकाणी माणूस उतरेल एवढा खड्डा खणावा. हे काम उन्हाळ्यात केल्यास अधिक चांगले, कारण त्यावेळी भेगा किती खोल जातात हे प्रत्यक्ष दिसते. पाया त्या भेगांच्या तळाच्या खाली गेलाच पाहिजे; शक्य असल्यास मुरमात अर्धा-एक फूट रुतवावा. सर्व भिंतींचा पाया एकाच प्रकारच्या थरावर टेकावा. उतारावर पाया पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावा, तिरका ठेवू नये. जोत्याच्या पोटात खणलेली काळी माती कधीही भरू नये; ती फुगून फरशी उचलते व भिंतीला बाहेर रेटते. तेथे मुरूमच भरावा.

घर पूर्ण झाल्यावर पायाला पाण्यापासून जपणे हे रोजचे काम आहे. जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन तीन-चार फूट रुंदीची फरसबंदी करावी. पागोळ्यांचे व न्हाणीचे पाणी गटाराने दूर न्यावे. मोठी झाडे घरापासून अंतर राखून लावावीत. एवढ्यानेही तिरक्या भेगा पुष्कळ कमी होतात, आणि त्यास खर्चही थोडा येतो.

दगडी भिंत बांधताना जाडी ४५० मिलिमीटरांहून, म्हणजे दीड फुटाहून अधिक ठेवू नये. दर दोन फूट उंचीवर व दर चार फूट अंतरावर भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारा आरपार दगड बसवावा. जाड भिंत म्हणजे बळकट भिंत, ही समजूत किल्लारीने खोटी ठरविली आहे.

उभ्या घरांचे काय?

नवे घर बांधणाऱ्यांपेक्षा जुन्या घरांत राहणारे लोक अधिक आहेत. त्यांचा पाया पुन्हा घालता येत नाही, पण पायावरचा भार कमी करता येतो. किल्लारीनंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम राबविला त्यात पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि इतर गावांतील उभी घरे दुरुस्त व मजबूत करण्याचे कामही हाती घेण्यात आले. धाब्यावरील जादा माती उतरविणे, भिंतीत मधूनमधून भोक पाडून आरपार काँक्रीटचा सांधा भरणे, लाकडी खांब व तुळई यांच्यामध्ये तिरके टेकू ठोकणे, छपराखाली भिंतीभोवती पट्टी बांधणे, हे त्यातील उपाय होते. गावचा गवंडी व सुतार थोड्या मार्गदर्शनाने ते करू शकतो.

एका चुकीकडे मात्र विशेष लक्ष वेधले पाहिजे. चिखलात बांधलेल्या जुन्या भिंती तशाच ठेवून त्यांवर काँक्रीटचा स्लॅब टाकण्याची, किंवा जुन्या पायावर दुसरा मजला चढविण्याची प्रवृत्ती वाढत आहे. बाहेरून घर पक्के दिसू लागते. आत मात्र उथळ पाया, चिखलाचा सांधा व वरती पूर्वीपेक्षाही जड छप्पर अशी अवस्था होते. हे किल्लारीच्या घराचेच नवे रूप होय. ज्याला स्लॅब टाकावयाचा आहे त्याने नवे खांब व त्यांचा नवा पाया स्वतंत्रपणे घ्यावा. जुन्या घराला जोडून खोली काढतानाही दोन्हींचा पाया भिन्न खोलीचा असेल तर मध्ये फट ठेवावी, म्हणजे धक्क्यात ती एकमेकांवर आदळून फुटणार नाहीत.

शाळेत करून पाहण्यासारखे दोन प्रयोग

हे ज्ञान गावात रुजविण्यास शाळा हे उत्तम साधन आहे. विद्यार्थ्यांना आपल्या घराच्या जागेची वाळलेली माती कुटून, बारीक चाळून, दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग घेण्यास सांगावे. एक भाग पाण्याने भरलेल्या व दुसरा रॉकेलने भरलेल्या मोजपात्रात टाकून ढवळावा व चोवीस तास स्थिर ठेवावा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींच्या घनफळांतील फरकाला रॉकेलमधील घनफळाने भागून शंभराने गुणले म्हणजे फुगवट्याची टक्केवारी मिळते. मुरमाची माती व काळी माती यांचे आकडे शेजारी मांडले की पाया कोठे टेकवावा हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. अभियंत्यांच्या प्रयोगशाळेतही हीच चाचणी केली जाते. रॉकेलचा प्रयोग ज्योतीपासून दूर व शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा.

दुसरा प्रयोग याहून सोपा आहे. घमेल्यात वाळू घेऊन ती पाण्याने पूर्ण भिजवावी, वर एक वीट उभी ठेवावी आणि घमेल्याच्या कडेला हाताने सतत ठोके द्यावेत. थोड्या वेळाने पाणी वर येते व वीट कलंडते. निगाताच्या इमारतींचे असेच झाले होते.

उपसंहार

भूकंप केव्हा व कोठे होईल हे सांगण्याचे साधन मानवाला अद्याप सापडलेले नाही. घर कोठे व कसे बांधावे हे मात्र त्याच्या हाती आहे. गुडीहत्नूरसारख्या गावात ज्यांना शासकीय साहाय्याने घरे मिळतात त्यांच्या घराचा चर बुजण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या व बांधकाम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो स्वतः उतरून पाहावा. पाया काळ्या मातीत संपला आहे की मुरमात टेकला आहे, जोत्याच्या पट्टीतील सळई कोपऱ्यात वळविली आहे की तोडली आहे, एवढ्या दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. त्यास काही मिनिटे लागतात. चर बुजल्यावर तेच पाहणे जन्मभर शक्य होत नाही.

किल्लारीत पहाटे जे लोक दगावले ते भूकंपाने नव्हे, तर स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली दगावले. ज्या घराने ऊन-पावसापासून त्यांचे रक्षण केले त्यानेच त्यांचा घात केला, कारण ते बांधताना जमिनीचा स्वभाव व वजनाचा हिशेब कोणी ध्यानात घेतला नव्हता. काळ्या जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा हिशेब पाया खणण्याच्या दिवशीच मांडला पाहिजे.